सव्वादोन इंचाचं अंतराळयान

साझ-बुलाक गावच्या संग्रहालयात वर्षभरात जेवढी माणसं यायची, तेवढी समोरच्या न्हाव्याकडे एका सकाळी यायची. तरीही सरकारी मोटार न्हाव्याला नव्हती, संचालक झिर्गालबेकला होती. झिर्गालबेकनं पदवी तत्त्वज्ञानाची घेतली होती, पण नोकरी दिली ती बायकोच्या भावानं. तो जिल्हा कचेरीत होता आणि तत्त्वज्ञानापेक्षा पुष्कळ उपयोगी होता.

त्या वर्षी बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर कुस्तीचा हॉल बांधायचं ठरलं. पाया खणताना यंत्राच्या फावड्यातून मातीबरोबर एक लोखंडी चकती वर आली. जेवणाच्या ताटाएवढी, उचलायला चांगलीच जड, कडेला चार भोकं, मधोमध एक मोठं भोक आणि त्या भोकात आतून आटे पाडलेले. फावडं चालवणाऱ्याला ती कुंपणाच्या दाराला वजन म्हणून हवी होती. पण झिर्गालबेक वेळेवर पोचला आणि राष्ट्राचा ठेवा वाचला.

पहिले दोन दिवस ती चकती कोकंदच्या खानाच्या तोफेची होती. मग कुणीतरी म्हणालं की खानाकडे तोफा असतील, पण असले साफ आटे पाडायची सोय नसावी. तिसऱ्या दिवशी चकतीला बढती मिळाली आणि ती आकाशातून पडली. कारखान्याचं उपाहारगृह मोडलं तेव्हा केक ठेवायची काचेची पेटी संग्रहालयाच्या वाट्याला आली होती. तिच्यात निळं मखमल अंथरलं, वर चकती विराजमान झाली आणि खाली पाटी लागली: ‘अंतराळयानाचा भाग. अंदाजे १९६१.’ त्यातला ‘अंदाजे’ झिर्गालबेकनं स्वतः घातला होता. शास्त्राला धरून चालणारा माणूस.

हॉल पुरा होत आला तेव्हाच्या आठ मार्चला, महिलादिनी, पेन्शनर बायकांना एकेक फूल देऊन संग्रहालय दाखवायचं, असा वरून हुकूम होता. बायका आल्या. त्यांत बुरुलचा आपा होती; बुरुलचा हे तिचं नाव, आणि आपा म्हणजे थोरली बहीण.

बुरुलचा आपा बासष्ट वर्षांची, ठेंगणी, खांद्यानं रुंद. गाव तिला ओळखायचं ते बोर्सोकवरून. तेलात तळलेले कणकेचे ते फुगीर तुकडे तिच्यासारखे कुणालाच जमत नसत, त्यामुळे लग्न असो की मयत, कढईपाशी तीच. ती त्याआधी सत्तावीस वर्षं लेथवर उभी होती, हे गाव साफ विसरून गेलं होतं. सतराव्या वर्षी ती कारखान्यात टर्नर म्हणून लागली. सासू आल्यागेल्याला सांगायची, “लोकांच्या सुनांच्या वेण्यांत चांदी असते, आमच्या सुनेच्या वेणीत लोखंडाचा कीस.” कारखाना चौऱ्याण्णव साली बंद पडला. तेव्हापासून अठरा वर्षं आपाला लोकांनी दोनच प्रश्न विचारले होते: चहा झाला का, आणि बोर्सोक किती किलोचे करायचे.

तर झिर्गालबेक हात मागे बांधून अंतराळावर बोलत होता, बायका चुळबुळत होत्या, आणि आपा पेटीच्या काचेला नाक लावून उभी होती. एकाएकी ती हसायला लागली. गालातल्या गालात नव्हे, चांगली खळखळून.

“काय झालं, आपा?” झिर्गालबेकनं विचारलं.

“काही नाही रे बाबा. ही चकाची बॅकप्लेट आहे.”

“काय?”

“लेथवर जे कातायचं ते धरायला जबड्यांचा चक असतो की नाही? तो चक यंत्रावर थेट बसत नाही. आधी ही चकती स्पिंडलच्या नाकावर आट्यांनी चढवायची, मग चक हिला बोल्टांनी आवळायचा. ही बघ बोल्टांची चार भोकं. असली ताटं मी सत्तावीस वर्षं वाढली आणि उचलली.”

बायकांत खसखस पिकली. झिर्गालबेकचे कान लाल झाले, पण आवाज मधाळच राहिला. “आपा, प्रत्येकाला आपापल्या ओळखीचंच दिसतं. पशुवैद्याला विचाराल तर म्हणेल, हा घोड्याचा नाल. बरं, तुम्ही म्हणता तसं धरू. कुठल्या लेथची? नाव सांगा, यंत्र दाखवा. नाहीतर शास्त्राचं काम शास्त्राला करू द्या, आणि तुम्ही आम्हाला हॉलच्या उद्घाटनाला बोर्सोक करून आणा. तीस किलो.”

सगळे हसले. आपाही हसली. पण घरी जाताना तिच्या पावलांनी वेग धरला होता. कुठल्या लेथची? अठरा वर्षांत तिला कुणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता. विचारणाऱ्यानं तो टोमणा म्हणून मारला होता, त्याला तो बिचारा काय करणार!

घरी तिनं कपाटाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत कॅलिपर होते, आणि आटे मोजायच्या दातेरी पात्यांचे दोन जुडगे. एक मिलिमीटरचा, दुसरा इंचाचा. इंचाचा जुडगा अगाफ्या स्तेपानोव्नानं दिलेला. अगाफ्या तिची गुरू. बेचाळीस सालच्या लढाईत युक्रेनमधली यंत्रं वाघिणींत भरून इकडे आणली, त्याच वाघिणींत बसून ती आली होती. चक्क यंत्रांच्या मधे, गवतावर. शिकवताना फार बोलायची नाही. आटा चुकला की तो तुकडा शिकाऊ पोरीच्या खिशात टाकायची आणि दिवसभर बाळगायला लावायची. पहिल्या महिन्यात बुरुलचाचा खिसा फाटला होता.

सून दारात उभी राहून बघत होती. “आई, आता हे काय नवीन?”

“जुनंच आहे.”

संग्रहालयाची राखणदार तोक्तोबुबू ही आपाच्या बरोबरीची. दिवसभर खुर्चीत बसून मोजे विणायची. तिच्या विणण्यामुळे संग्रहालयात काहीतरी तयार तरी व्हायचं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर झिर्गालबेक आपल्या खोलीत शास्त्रीय चिंतन करत होता. चिंतनाचा घोरण्याचा आवाज बाहेर येत होता. तोक्तोबुबूनं किल्ली पुढे केली.

“लवकर आवर गं. पाऊण तासानं जागा होतो.”

आपानं बरोबर मिलिमीटरचीच पाती आणली होती; ती आधी लावून पाहिली. चारचं पातं पहिल्या दोन आट्यांत बसलं आणि पुढे दात आट्यांच्या डोक्यावर चढायला लागले. साडेचारचंही तेच, उलट्या बाजूनं. मग तिनं कणकेचा गोळा काढला, आट्यांवर दाबला, सोडवला. ठसा छान उठला आणि तिच्या डोळ्यांदेखत कणीक पुन्हा आखडून बसली.

“चाळीस वर्षं कणीक मळतेस आणि तुला एवढं ठाऊक नाही?” तोक्तोबुबू म्हणाली. “हा घे धुण्याचा साबण. किटलीवर धर जरा.”

ऊन केलेला साबण शहाणा निघाला. त्याची बोटभर रुंद पट्टी आट्यांवर दाबली, गार होऊ दिली, काढली. स्वच्छ कंगवा. भोकाच्या तोंडाशी आटे संपून एक गुळगुळीत, बिनआट्याचा घेर होता. आट्यांची रुंदी आणि हा घेर, दोन्ही तिनं कॅलिपरनं मोजून कागदावर टिपलं. घेर साठ मिलिमीटरला केसभर कमी.

घरी खिडकीपाशी तिनं साबणाला इंचाची पाती लावली. सहाचं पातं पहिल्या दातापासून शेवटच्या दातापर्यंत असं मिटून बसलं की मधून उजेड दिसेना. इंचाला सहा आटे, आणि नाक सव्वादोन इंचाचं. मिलिमीटरवर चालणाऱ्या देशात अंतराळात पाठवायच्या यंत्राला कुणी इंचाचे आटे पाडले असतील, तर ते पाडणारा पुढे कुठे पाठवला गेला असेल हे सांगायला नको. चकती परदेशी लेथची होती.

पण परदेशी म्हणजे कुठल्या? हे साझ-बुलाक होतं. इथं धड देशी लेथसुद्धा उरला नव्हता. सगळे भंगारात जाऊन सीमेपलीकडे वितळले होते.

आपा रेल्वेच्या डेपोत गेली. तिथला मुकादम रोदिओन म्हातारा झाला तरी घरी जायला तयार नव्हता आणि त्याला हाकलायचा हुकूम कुणी काढत नव्हतं. डेपोच्या कोपऱ्यात एक काळाकुट्ट जुना लेथ होता. आपानं साबणाची पट्टी त्याच्या नाकावर ठेवली. दात आट्यांत असे बसले की पट्टी हात सोडला तरी पडेना.

रोदिओननं टाळी वाजवली. “झालं की! मिळाला तुझा लेथ. चल, त्या तत्त्ववेत्त्याला आण इकडे.”

आपानं कॅलिपर काढला आणि आट्यांच्या मागचा गुळगुळीत घेर मोजला. पुन्हा मोजला.

“त्रेसष्ट,” ती म्हणाली. “माझी साठला कमी आहे. शेवटपर्यंत जाणारच नाही.”

“तीन मिलिमीटर!” रोदिओन म्हणाला. “अगं बुरुलचा, झिर्गालबेकला कॅलिपर आणि चिमटा यातला फरक कळत नाही. दोन फेरे चढव, टाळ्या घे, घरी जा.”

“त्याला कळत नाही म्हणून काय झालं? मला कळतं ना. आटे नुसतं घराणं सांगतात, रोदिओन. हा बिनआट्याचा घेर सांगतो, नेमकं घर कुठलं ते.”

“अशीच त्या अगाफ्यानंही माझी हाडं खाल्ली होती,” तो कुरकुरला. मग मिशी चावत आठवू लागला. “बेचाळीस साली असले परदेशी दोन आले होते. एक आम्हाला मिळाला. दुसरा तुमच्या कारखान्याच्या पहिल्या शेडमध्ये लावला होता, तू येण्याच्या आधी. पुढे नवी यंत्रं आली तेव्हा तो सामुदायिक शेताच्या वर्कशॉपला दिला. ते वर्कशॉप मोडलं तेव्हा इस्खारनं उचलला म्हणतात. तो लसूणवाला, कालव्यापलीकडच्या दुंगान लोकांतला.”

“लसूणवाल्याला लेथ कशाला?”

“ते त्यालाच विचार. मी विचारायला गेलो तर दोन किलो लसूण गळ्यात मारतो.”

इस्खारच्या वाडीवर पोचल्यावर आपाला विचारावंच लागलं नाही. अंगणाच्या मध्यभागी लेथ होता आणि त्याला एक बैल बांधलेला होता. बैल कसला, चार पायांवरची टेकडी! लेथच्या पाठीवर गवताची पेंढी होती, जबड्याच्या जागी दोर गुंडाळला होता आणि पायांशी हातभर शेण होतं.

“आधी झाडाला बांधायचो, आपा,” इस्खार कौतुकानं म्हणाला. “झाड घेऊन गेला. मग गाडीला बांधला. गाडी घेऊन गेला. हे एकच यंत्र आहे जे त्याला घेऊन जाता येत नाही. फार कामाचं बघा! विकायचं नाही.”

“विकत कोण मागतंय? मला फक्त त्याचं नाक बघायचंय.”

“कुणाचं? बैलाचं?”

“यंत्राचं रे!”

इस्खारनं बैल बाजूला घेतला. म्हणजे बैल जेवढा सरकला तेवढ्याला इस्खारनं बाजूला म्हटलं. आपानं दोर सोडला. आत काळ्या ग्रीसचा दगड झालेला थर होता. ती गोणपाटावर गुडघे टेकून बसली आणि रॉकेल व काडी घेऊन एकेक आटा मोकळा करत गेली. ग्रीसनं आतलं लोखंड जपलं होतं. खालून आटे कोरे करकरीत निघाले. साबण बसला. मग तिनं बिनआट्याचा घेर मोजला. साठला केसभर कमी. चकतीपेक्षाही कणभर बारीक, म्हणजे जेवढा असायला हवा तेवढाच.

पायाशी शेण खरवडल्यावर ओतीव अक्षरं दिसली. परदेशी ड्रॉइंगं वाचून तिला ती रोमन लिपी लागायची. नाव अर्धं फुटलं होतं, पण खाली ‘इंग्लंड’ शाबूत होतं.

आपा तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. इस्खारच्या बायकोनं लाग्मानच्या शेवयांचा वाडगा आणून ठेवला, तो गार झाला. “रडताय की काय, आपा?” तिनं विचारलं.

“लसणाचा वास चढलाय,” आपा म्हणाली.

झिर्गालबेकला तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. “यंत्र सापडलं. चकती घेऊन चल, चढवून दाखवते.”

“ठेवा संग्रहालयाबाहेर न्यायला मंत्रालयाची लेखी परवानगी लागते,” झिर्गालबेक म्हणाला. “तीन महिने. उद्घाटन दहा दिवसांवर. खुद्द जिल्ह्याचे अकिम येणार आहेत, टीव्हीवाले येणार आहेत. आणायचंच असेल तर तुम्ही तुमचं यंत्र आणा इकडे.” आणि आपल्याच विनोदावर तो मनापासून हसला.

झिर्गालबेकच्या आयुष्यात एवढ्या लक्षपूर्वक त्याचं म्हणणं ऐकून घेणारं माणूस दुसरं भेटलं नसेल.

उद्घाटनाच्या दिवशी अकिम, म्हणजे जिल्हाप्रमुख, कुस्तीच्या हॉलची फीत कापून संग्रहालयाशी आले. हा गडी स्वतः जुना पैलवान, मानेला घडी नसलेला. झिर्गालबेकनं ‘मानवाची अनंताकडे झेप’ इथून सुरुवात केली होती आणि झेप जमिनीपासून वीतभर उचलली गेली होती, तेवढ्यात फाटकातून ट्रॅक्टर आत आला. मागे ट्रॉली, ट्रॉलीवर लेथ, लेथशेजारी बुरुलचा आपा, आणि ट्रॉलीच्या मागून, बांधायला दुसरं काही नाही म्हणून, बैल.

“हे काय आहे?” अकिमनी विचारलं.

“उद्घाटनाशी याचा काही...” झिर्गालबेकनं सुरू केलं.

“साहेबांनीच मागवलं, अकिमसाहेब,” आपा वरून म्हणाली. “म्हणाले, यंत्र आणा म्हणजे चकती कुठली ते बघू. फार चौकस माणूस. मी आणलं.”

टीव्हीवाल्यानं कॅमेरा झेपेवरून बैलावर वळवला. अकिमना भाषण नको होतं हे त्यांच्या मानेवरूनही दिसत होतं. “मग बघू या की,” ते म्हणाले. “आणा चकती.”

“पण मंत्रालयाची परवानगी...”

“इथं अंगणात? अंगण संग्रहालयाचंच ना?”

तोक्तोबुबू तोवर पेटी उघडून चकती घेऊन आलीसुद्धा होती. दोघा पैलवानांनी ती वर चढवली. आपानं ती पोटाशी धरली, नाकाला लावली आणि फिरवली. एक फेरा, दोन फेरे. तिसऱ्याला चकती अडली.

झिर्गालबेकच्या चेहऱ्यावर तत्त्वज्ञान परत येऊ लागलं. “मी म्हणालोच होतो, आपा...”

आपानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मनात मात्र रोदिओनचे तीन मिलिमीटर येऊन गेले. मोजताना हात हलला असेल का? तिनं चकती उलट फिरवून उतरवली, रुमालाच्या टाचणीनं आतले आटे चाचपले आणि चौथ्या आट्यातून खड्याएवढा मातीचा गोळा उकरून काढला. फुंकर मारली, रॉकेलचं बोट फिरवलं, पुन्हा लावली. आता चकती एका हातानं फिरत गेली, लोण्यातून गेल्यासारखी, आणि शेवटी घेरावर सरकून मागच्या टाचेला टेकली. टक्. बारीकच आवाज, पण टर्नर असलेल्या माणसाला तो कुठूनही ऐकू येतो. मागे उभ्या असलेल्या रोदिओननं टोपी काढली.

“हलवून बघा,” आपा म्हणाली.

अकिमनी दोन्ही हातांनी चकती धरून हलवली. तसूभर हलेना. लेथ हलला, ट्रॉली हलली, पण चकती नाही. “बेचाळीस सालचा म्हणता?” ते म्हणाले. “हाच आमच्या कारखान्याचा पहिला लेथ?”

“पहिल्या शेडमधला.”

मग टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आत झिर्गालबेकनं माईक हातात घेतला होता. हे मात्र त्याचं मानलं पाहिजे. मांजर कितीही उंचावरून पडो, चारी पायांवरच पडतं. “संग्रहालयाला पहिल्यापासून दाट संशय होता,” तो सांगत होता, “की या वस्तूचा संबंध आपल्या औद्योगिक वारशाशी असावा. म्हणूनच आम्ही ही मोहीम हाती घेतली...”

अकिमनी तिथल्या तिथे हुकूम सोडला: लेथ चकतीसकट संग्रहालयात राहील. इस्खार म्हणाला, माझ्या बैलाचं काय? त्याला कारखान्याच्या जुन्या पायातला सिमेंटचा ठोकळा मिळाला. तो लेथपेक्षा जड निघाला आणि इस्खार खूष झाला. सगळ्यांना काही ना काही मिळालं. आपाला एक फूल मिळालं, आणि वर चहाबरोबर बोर्सोक नाहीत म्हणून लोकांची थोडी नाराजी.

पंधरा दिवसांनी ती लेथ बघायला गेली. सोबत तेलाची बुधली होती. नाकाला तेल दिलं नाही तर गंज धरेल, अशी तिला काळजी. लेथ धुऊनपुसून, हिरवा रंग फासून उभा होता. रंग नको तिथेही फासला होता. भोवती लाल दोर, ‘हात लावू नये’ ही सूचना आणि शेजारी नवी पाटी. आपानं चष्मा लावला.

‘ऐतिहासिक लेथ, इंग्लंड. शोध व ओळख: संचालक झिर्गालबेक. सहकार्य: बुरुलचा, गृहिणी.’

तिनं ते दोनदा वाचलं. मग दोर उचलून आत शिरली, नाकावरचा रंग चिंधीनं खरवडून काढला, आट्यांना तेल दिलं, चकती एक फेरा सैल करून पुन्हा बसवली. तोक्तोबुबू टाके मोजत होती. तिला त्या वेळी फार टाके मोजायचे होते.

आपानं खिशातून खिळा काढला. पाटीवरच्या ‘गृहिणी’वर दोन सरळ, समांतर रेघा ओढल्या आणि खाली कोरलं: ‘टर्नर, सहावी श्रेणी.’ सहावीच्या वर श्रेणी नव्हती. अक्षरं सगळी एका उंचीची आली.

“खिळ्यानं कोरलंस होय?” तोक्तोबुबूनं वर न बघता विचारलं.

“मग? खडूनं लिहिलं असतं तर पुसलं असतं त्यानं.”

“तो कशाला पुसतोय? त्याला दिसायला तो आधी इथवर यायला हवा.”

याला आता दोन वर्षं होत आली. पाटी तशीच आहे.